पोशाखाखालच्या वस्तूसंबंधी

माझ्या भाचीचं लग्न ठरलं, सभागृह मिळालं, पोशाख शिवून झाला, आणि पोशाखाच्या आत काय घालायचं हा एकच मुद्दा प्रलंबित राहिला. लग्नाला अठरा दिवस होते. मी एकतीस वर्षं सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात काढली. याहून क्षुल्लक मुद्दे अठरा-अठरा वर्षं प्रलंबित राहिलेले मी पाहिले आहेत, त्यामुळे खरं तर मला काळजी वाटायला हवी होती. पण निवृत्त माणसाला घरात कोणी काम सांगितलं की तो हुरळतो. मीही हुरळलो.

पोशाख मोठा देखणा होता. हस्तिदंती रंग, अंगासरशी शिलाई, पाठ कमरेपर्यंत उघडी, खांद्यांवर काही म्हणजे काही नाही. तो अंगावर नेमका कशाच्या आधारे राहणार हे मला कळेना. टेलरबाईंना तसं विचारलं, तर तोंडातल्या टाचण्या न काढता त्या म्हणाल्या, "आतल्याच्या आधारे."

"मग आत काय?"

"ते तुम्ही आणायचं. ते आणा, त्याच्यावर मी शेवटचं फिटिंग करते. तोवर मी कात्रीला हात लावणार नाही."

म्हणून ताई आणि भाची अशा दोघी आतल्या कपड्यांच्या दुकानात गेल्या. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, वधूची आई. मी पिशव्या धरायला सोबत होतो. दुकानवालीने पोशाखाचं वर्णन ऐकून घेतलं आणि मान हलवली. "फिटिंग झालं की ड्रेस घेऊन या. त्याप्रमाणे मी आतलं देते. त्याआधी खोकी उघडण्यात अर्थ नाही."

ताई म्हणाली, "अहो, पण टेलरबाई म्हणतात, आतलं आणल्याशिवाय फिटिंग नाही."

"बरोबरच म्हणतात त्या," दुकानवाली म्हणाली. "पण आमचंही बरोबर आहे."

मला एकदम भरून आलं. दोन कार्यालयं, दोघांचंही बरोबर, आणि मध्ये नागरिक उभा! निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या भाषेत बोलत होतं. मी तिथल्या तिथे कोरा कागद मागितला आणि संध्याकाळपर्यंत दोन्हीकडून 'दुसऱ्या बाजूच्या निर्णयाच्या अधीन राहून तात्पुरती हरकत नाही' अशी पत्रं मिळवली. पत्रांना क्रमांक दिले, दोरी ओवली, फाइल तयार झाली. ताई म्हणाली, "बाळ्या, तू होतास म्हणून निभावलं." मी साठीचा आहे. ताईला तो मुद्दा मान्य नाही.

भाची मात्र दुकानाच्या पायरीवर बसून पाय हलवत होती. ती तरणतलावावर पोरांना पोहायला शिकवते. पाण्यात तोंड घातल्यावर श्वास कधी सोडायचा, वर आल्यावर कधी घ्यायचा, हे दिवसभर ओरडून सांगते. घरी तिला सगळे मनी म्हणतात.

"मामा," ती म्हणाली, "माझं एकच म्हणणं आहे. त्या दिवशी मला पोटभर श्वास घेता आला पाहिजे. माझंच लग्न आहे ना, मग मला हसता यायला पाहिजे. बाकी तुम्हाला काय घालायचंय ते घाला."

"आम्हाला नाही गं, तुला घालायचंय."

"तेच तर म्हणतेय मी."

मी तिचं म्हणणं टिपून घेतलं आणि फाइलला मागच्या बाजूने लावलं.

दुसऱ्या दिवशी ताईच्या जेवणाच्या टेबलावर समितीची पहिली बैठक झाली. अध्यक्ष ताई. सदस्य आत्या, म्हणजे मनीच्या वडिलांची बहीण, जिला शेजारीपाजारीही आत्याच म्हणतात. दुसऱ्या सदस्य विहीणबाई, नवऱ्यामुलाच्या आई. त्यांना बोलावलं नाही तर त्या रुसतील म्हणून बोलावलं होतं, आणि बोलावलं तर त्या येतील हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. सचिव मी. मी पुरुष असल्यामुळे फ्रीजकडे तोंड करून बसावं आणि फक्त कानांनी काम करावं असं ठरलं. भावोजींना विषय कळताच ते झाडांना पाणी घालायला गच्चीत गेले आणि दीड तास एकाच कुंडीला पाणी घालत राहिले. मनीला समितीत घेता आलं नाही, कारण वस्तू तीच घालणार असल्याने तिचा हितसंबंध गुंतलेला होता.

पहिला ठराव, वस्तूचं नाव कागदावर घ्यायचं नाही. "कागद कोणाच्या हाती पडतो सांगता येत नाही बाई," आत्या म्हणाली. मी 'प्रस्तुत वस्तू' असा शब्द सुचवला, तो एकमताने मंजूर झाला. मग अटी सुरू झाल्या.

"मुख्य म्हणजे दिसायला नको," ताई म्हणाली.

"आणि पोट आत राहिलं पाहिजे," आत्या म्हणाली.

"मला पोटच नाहीये, आत्या," दारातून मनी म्हणाली.

"आज नाहीये. त्या दिवशी येईल. टेन्शननं येतं."

विहीणबाईंनी कपातला चहा खाली ठेवला. "आमचं एवढंच म्हणणं आहे की कड उमटायला नको. आमच्याकडे कोणाचीच कड उमटत नाही."

यावर आत्याची खुर्ची जोरात करकरली, कारण विहीणबाईंचं लक्ष आत्याच्या कमरेकडे होतं. असं मला नंतर कळलं. मी फ्रीज बघत होतो. पुढे अटी भराभर आल्या. पाठ उघडी, म्हणून मागे पट्टा नको. खांदे उघडे, म्हणून वर पट्टा नको. सरकायला नको. वर चढायला नको. आवाज करायला नको. पुढच्या बाजूला भक्कम असावं, पण आहे असं कोणाला वाटू नये. नोकरीत असताना मी ठळकपणे दिसणारी आणि काहीही काम न करणारी माणसं शेकड्यांनी पाहिली होती. मुळीच न दिसता सगळं काम करणारं कोणी मागितलेलं मी प्रथमच ऐकत होतो.

"मग मी आत काहीच घालत नाही," मनी म्हणाली. "सगळ्या अटी पुऱ्या."

ताईने टेबलावर हात आपटला. "शहाणीच आहेस! लोक काय म्हणतील?"

"दिसणारच नसेल तर लोकांना कळेल कसं?"

"लोकांना कळतं," तिघी एकदम म्हणाल्या.

हे एकमत इतकं दुर्मीळ होतं की मी ते अधोरेखित करून घेतलं.

अटींची यादी घेऊन आम्ही पुन्हा दुकानात गेलो. मी हातरुमालांच्या काउंटरपाशी, पाठ फिरवून. दुकानवालीने यादी दोनदा वाचली. "एवढं सगळं करणारी एकच ब्रा नाही मिळणार हो," ती मोठ्याने म्हणाली, आणि मी एक डझन रुमाल खाली पाडले. "पण एकेक अट घेऊ. काढू मार्ग."

मार्ग असा निघाला. पोटासाठी तिने एक अंगाच्या रंगाचं, छातीपासून गुडघ्यापर्यंत आवळणारं प्रकरण दिलं. ते घालायला दोन माणसं लागत आणि काढायला तीन. त्याने पोट आत गेलं, पण गुडघ्यापाशी कड उमटली. कड झाकायला त्यावर एक गुळगुळीत लांब स्लिप आली. स्लिप सरकू लागली, म्हणून तिला चिकटपट्टी आली. चिकटपट्टीमुळे वरची बाजू ओढली गेली, म्हणून तिथे काड्या घातलेली, हुकांची, चिलखतासारखी एक चीज आली. तिच्यामुळे आत गेलेलं पोट मागून पाठीवर वर आलं. जे पोट मुळात नव्हतंच, ते पाठीवर कसं आलं, असं मी विचारलं. दुकानवाली अनुभवी होती. म्हणाली, "काका, आवळल्यानं काही कमी होत नसतं. फक्त बदली होते."

हे मला पटलं. आमच्या खात्यातही तसंच होतं.

पाठीवरचं झाकायला टेलरबाईंकडून उघड्या पाठीला जाळी लावून घेतली. आता एवढ्या सगळ्यावर पोशाख चढेना, म्हणून त्यांनी बाजूच्या शिवणी दोन-दोन इंच उसवल्या. शिवणी उसवल्यावर कमरेखाली पोशाख लोंबू लागला, म्हणून तिथे आतून भर घातली. भर घातल्यावर मनीचं पोट तुलनेने फारच आत गेल्यासारखं दिसू लागलं. विहीणबाई म्हणाल्या, "अशक्त वाटते हो, आमच्याकडे नावं ठेवतील." म्हणून पोटावरही पातळशी एक गादी आली. टेलरबाई प्रत्येक वेळी टाचण्यांमधून एवढंच म्हणत, "मला काय, तुम्ही आणाल त्याच्यावर मी बसवते." सातव्या फिटिंगपर्यंत अशी परिस्थिती झाली की पोशाख मनीला होतच नव्हता. तो वस्तूला अगदी चपखल बसत होता. मनी मध्ये नुसती अडकली होती.

मग चाचणी. ताईने दिवाणखान्यातले सगळे दिवे लावले, आत्याने विजेरी आणली, विहीणबाईंनी नातेवाइकांतल्या पाच जाणत्या बायका आणल्या. मनीला मध्ये उभं करून सगळ्याजणी तिच्याभोवती फिरू लागल्या आणि कोणालाही दिसू नये अशी ती वस्तू कुठे दिसते का ते बारकाईने पाहू लागल्या. मी पडद्याच्या पलीकडून निकाल लिहून घेत होतो.

"बस बरं," ताई म्हणाली.

"बसता येत नाहीये."

"मग बसू नकोस. लग्नात वधू कुठे बसते?"

"वाक."

"आई, वाकले तर मी परत सरळ होणार नाही."

"बरं, वाकायचंही नाही. बाळ्या, लिही."

एवढ्यात आत्याच्या विजेरीतली बॅटरी संपली. विजेरी थोपटता थोपटता आत्या स्वतःच कोचावर उलटी पडली, आणि मनीला हसू फुटलं. ती हसते तेव्हा सगळ्या अंगाने हसते. चिलखताचा एक हुक सुटला, पडद्याला भोक पाडून पलीकडे आला आणि माझ्या चष्म्याच्या काचेवर टणकन आदळला. तातडीने ठराव झाला. त्या दिवशी वधूने हसायचं नाही. स्मित चालेल, तेही दात न दाखवता, आणि समारंभात एकूण चारपेक्षा जास्त नाही. श्वासाचं काय, असं मी विचारलं. ताई म्हणाली, "घेईल की थोडा थोडा. वरच्यावर."

बायका चहाला गेल्या तेव्हा मी पडद्याच्या अलीकडे आलो. मनी कपाटासारखी ताठ उभी होती. कपाळावर घाम. एरवी तिच्या बोलण्याचा धबधबा असतो. आता ती दोन-दोन शब्द मोजून सोडत होती.

"मामा, खरं सांग. मी दिसते का?"

"अजिबात नाही गं. एक कडसुद्धा दिसत नाही. फर्स्ट क्लास."

"मी, मामा. मी दिसते का?"

मला वाईट वाटलं, हे मी इथे नमूद करतो. इतिवृत्तात केलं नाही. तिथे त्यासाठी रकाना नव्हता.

यानंतरची चूक माझी. ती मी कबूल करतो, पण हेतू चांगला होता. लग्नाला चार दिवस उरले असताना विहीणबाईंना धास्ती वाटू लागली. "निमंत्रित तीनशे बारा. आपण आठजणींनी तपासलं, पण तीनशे बारा जणांची नजर कुठे कुठे जाईल, कोणी सांगावं?" यावर माझ्या मते उपाय एकच होता. लोकांना आधीच कळवून टाकायचं. मी परिपत्रक काढलं आणि दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकलं:

'सर्व सन्माननीय निमंत्रितांस कळविण्यात येते की, वधूच्या पोशाखाखाली विशेष असे काहीही नाही. सबब, समारंभाच्या वेळी कोणीही त्या दृष्टीने पाहू नये.'

पंधरा मिनिटांत एकशे चाळीस प्रश्न आले. 'विशेष काहीही नाही' म्हणजे साधं काहीतरी आहे, की काहीच नाही? एका वयोवृद्ध गृहस्थांनी लिहिलं, नेमकं कोणत्या बाजूने पाहू नये ते कळवावं, म्हणजे खुर्ची त्याप्रमाणे धरता येईल. जे येणार नव्हते त्यांनी येत असल्याचं कळवलं. मी शुद्धिपत्रक काढलं. शुद्धिपत्रकाने अधिक गैरसमज झाले म्हणून सोबत आकृती जोडली. आकृती काढायला नको होती.

त्यातच ग्रुपवर आत्याने विचारलं, सगळे नियम मुलीलाच का? साखरपुड्याला नवऱ्यामुलाच्या शर्टातून बनियनची बाही स्पष्ट दिसत होती, ते कोणी बोललं नाही. विहीणबाई कडाडल्या. "आमच्या मुलाच्या बनियनपर्यंत आजवर कोणी पोचलं नव्हतं!" समतोल राखण्यासाठी मला बनियनची उपसमिती नेमावी लागली. त्या दुपारी खुद्द नवऱ्यामुलाचा फोन आला.

"मामा, जरा खाजगी बोलायचंय. मी बनियन घालतच नाही. साखरपुड्याला आईनं बळंच घातलं होतं."

"हे तुमच्या आईंना माहीत आहे?"

"नाही."

"मग मलाही माहीत नाही," मी म्हणालो. मुलगा सज्जन वाटला.

"आणि मामा, मनीला एवढा त्रास कशाला देताय? मला ती आवडते ती तिच्या हसण्यामुळे. त्या पोशाखाचं काय..."

मी त्याला सांगितलं की हा मुद्दा समितीपुढे वेळेत आला असता तर जरूर विचारात घेतला असता.

लग्नाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. परिपत्रकानुसार तीनशे बाराच्या तीनशे बारा माणसं त्या दृष्टीने न पाहण्याच्या तयारीने आली होती. त्यामुळे मनी दारातून आत आली तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे कोणीच पाहिलं नाही. चेहऱ्याचा उल्लेख परिपत्रकात नव्हता. ती चार बोटांएवढी पावलं टाकत चालत होती. दारापासून टेबलापर्यंत यायला तिला अकरा मिनिटं लागली. बँड वाजवणाऱ्यांनी तीच चाल पाच वेळा वाजवली.

टेबलामागे विवाह नोंदणी अधिकारी बसले होते. जाड भिंगाचा चष्मा, पुढ्यात नोंदवही, टोपण काढलेलं पेन. त्यांनी नवऱ्यामुलाला विचारलं, विवाह मान्य आहे का? तो "हो" म्हणाला. मग त्यांनी मनीला विचारलं.

मनीने तोंड उघडलं. आवाज आला नाही. आवाजाला हवा लागते, आणि हवेची सोय कोणत्याच अटीत केलेली नव्हती.

"मान्य आहे का?" अधिकाऱ्यांनी परत विचारलं.

मनीने जोरात मान हलवली.

"मान नको. होकार ऐकू आला पाहिजे. नियमात तसं आहे."

"साहेब, हलवलीय की तिनं मान," नवरामुलगा म्हणाला.

"मान ऐकू येत नाही."

मी पुढे झालो. लेखी चालेल का, असं अदबीने विचारलं. लेखी नंतर, तोंडी आधी, असं ते म्हणाले. क्रम अगदी योग्य होता, मला वाद घालता आला नाही. "मी तीनदा विचारतो," अधिकारी म्हणाले. "तिसऱ्यांदा होकार आला नाही, तर 'वधूची संमती आढळून आली नाही' असा शेरा मारतो आणि पुढच्या जोडप्याकडे जातो. खालच्या सभागृहात चार जोडपी थांबलीयत."

नवऱ्यामुलाचा चेहरा पांढराफटक पडला. मनीचा जांभळा होत चालला होता. पोशाख तेवढा हस्तिदंती राहिला. मी समितीकडे पाहिलं. पहिल्या रांगेत ताई, आत्या आणि विहीणबाई एकमेकींचे हात घट्ट धरून बसल्या होत्या. डोळ्यांत पाणी.

"बघ, बघ," आत्या ताईच्या कानात म्हणाली, "कुठ्ठे कड नाही!"

"अगदी नाही हो," विहीणबाई म्हणाल्या. "मानलं तुम्हाला." अठरा दिवसांत दोन्ही घरांचं इतकं कधी जुळलं नव्हतं.

अधिकाऱ्यांनी पेन उचललं. "तिसऱ्यांदा आणि शेवटचं विचारतो..."

मनीने हात वर केला. थांबा. मग ती वळली आणि त्याच चार बोटांच्या पावलांनी बाजूच्या खोलीकडे निघाली. अधिकारी घड्याळ पाहत होते. नवरामुलगा तिच्या मागे दोन पावलं गेला आणि दार त्याच्या नाकासमोर बंद झालं. आतून एकामागून एक आवाज येऊ लागले. आधी टप, टप, टप, हुकांचे. मग काहीतरी लांबलचक फाटल्याचा. मग काहीतरी जड जमिनीवर पडल्याचा. आणि मग तीनशे बारा माणसांनी, चौघा वाजवणाऱ्यांनी आणि एका अधिकाऱ्याने एक श्वास ऐकला. असला श्वास मी जन्मात ऐकला नव्हता. आत जाताना तो संपेचना. माझ्या स्वतःच्या छातीत मोकळं वाटलं, आणि मग मला माझी फारच लाज वाटली.

दार उघडलं. मनी बाहेर आली ती ढांगा टाकत. पोशाख चहूबाजूंनी ढगळ झाला होता, जाळी एका खांद्यावरून लोंबत होती, आणि सगळा डोलारा पडू नये म्हणून तिने कमरेपाशी मुठीत गच्च धरला होता. नवऱ्यामुलाने एक क्षण पाहिलं. मग काही न बोलता स्वतःचा पट्टा काढला आणि पोशाखावरून तिच्या कमरेला आवळला. त्याची पँट सैल होती. त्यामुळे आता तो एका हाताने पँट धरून उभा राहिला. त्याला तसा उभा पाहून मनीला जे हसू फुटलं ते आवरेना, आणि त्या हसण्यातच ती टेबलाकडे वळली.

"हो!" ती म्हणाली. "हो, हो, मान्य आहे! हजारदा मान्य आहे!"

खिडक्यांची तावदानं थरथरली. खाली थांबलेल्या चारही जोडप्यांनी टाळ्या वाजवल्या. अधिकारी म्हणाले, "एकदाच पुरे. इथे एवढी जागा नसते." पण तेही हसत होते. माझे डोळे वाहत होते. हे मी इथे आणि इतिवृत्तातही नमूद केलं. रकाना हाताने आखून घेतला.

सह्या झाल्या. सचिव या नात्याने मी बाजूच्या खोलीत जाऊन पाहणी केली. फरशीच्या मधोमध प्रस्तुत वस्तू आपल्या काड्यांच्या बळावर ताठ उभी होती. आत कोणी नव्हतं. पोट आत, पाठ सरळ, कुठे कड नाही. सर्व अटी ती पूर्ण करत होती. मी यादी काढली आणि एकेक जिन्नस तपासला. आवळणारं होतं. स्लिप होती. चिकटपट्टी, भर, पातळ गादी, सगळं होतं. यादीतलं काहीही कमी नव्हतं. मी यादी घडी घालून खिशात ठेवली आणि बाहेर आलो. दारातच आत्याने मला गाठलं.

"सगळं तिथेच आहे?"

"सगळं."

"मग आता तिच्या आत काय आहे?"

पाच मिनिटांत हा प्रश्न सभागृहभर झाला. मनी नवऱ्यासोबत नाचत होती. तो एका हाताने नाचत होता. तिने केकचे तीन तुकडे खाल्ले, खुर्चीत धपकन बसली, टेबलाखाली पडलेला चमचा वाकून उचलला, आणि मी मोजलेल्या एका तासात चाळीस वेळा दात दाखवून हसली. तिला बरं वाटलं का, मघाशी घाबरली होती का, हे एकानेही विचारलं नाही. मला मात्र एकोणनव्वद जणांनी बाजूला घेऊन विचारलं. नोंदवही काखेत मारून निघालेले अधिकारीसुद्धा जिन्यात थांबले. "नोंदीसाठी नाही हो. सहज विचारतो."

अखेर समितीने तातडीची बैठक घेऊन मलाच मनीकडे पाठवलं. मी गेलो. खोटं कशाला बोलू, मलाही जाणून घ्यायचं होतं.

"मने," मी म्हणालो, "समितीची अशी विचारणा आहे की..."

"मामा," ती म्हणाली, "मी 'हो' म्हटलं ते ऐकलंस?"

"ऐकलं ना."

"कसं झालं?"

"फार छान झालं, बाळा. फार छान."

"बस," ती म्हणाली, आणि माझा हात धरून मला नाचायला ओढून नेलं. मी फाइल टेबलावर ठेवली. ती कोणीतरी उघडून वाचली, पण त्यात उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी 'निरंक' असा शेरा मारून प्रकरण दप्तरी दाखल केलं.

राहता राहिले तुम्ही. एका मुलीचा श्वास अडकला होता, तिचं लग्न एका शेऱ्यावर मोडत होतं, आणि शेवटी ती पोटभर श्वास घेऊन 'हो' म्हणाली. त्या ओळीवर तुम्ही किती वेळ थांबलात? आणि पोशाखाखाली काय होतं ते कुठे सापडतंय का, हे बघायला पुढे किती ओळी धावत आलात? लाजू नका, समितीत सगळे तुमच्यासारखेच आहेत. सुनेच्या कमरेला मुलाचा पट्टा पाहून विहीणबाईंनी राजीनामा दिल्यामुळे एक जागा रिकामी झाली आहे. अर्ज करायची गरज नाही. तुम्ही इथवर आलात, तेव्हाच मी तुमचं नाव लिहून घेतलं.